घडी कशाची? तंबूची की शिडाची?

एका आईची दोन मुलं. एक म्हणतं, ‘निघालो!’ दुसरं म्हणतं, ‘पोचलो!’ रुमानियन भाषेत ‘प्लेका’ म्हणजे निघणं. स्पॅनिशमध्ये ‘येगार’ म्हणजे पोचणं. आणि दोघांची आई एकच, लॅटिनमधलं ‘प्लिकारे’. त्याचा अर्थ घडी घालणं!

काहीतरीच काय, म्हणाल. ‘प्लेका’ आणि ‘येगार’ भावंडं कशी? मग हे बघा. लॅटिनमध्ये पाऊस म्हणजे ‘प्लुव्हिया’. रुमानियनमध्ये तो ‘प्लोआये’, स्पॅनिशमध्ये ‘युबिया’, पोर्तुगीजमध्ये ‘शूव्हा’. लॅटिन ‘प्लेनुस’ म्हणजे भरलेला. त्याचं झालं ‘प्लिन’, ‘येनो’, ‘शेयु’. लक्षात आलं ना? सुरुवातीचा ‘प्ल’ रुमानियननं जपला, स्पॅनिशनं बऱ्याचदा त्याचा ‘य’ केला, पोर्तुगीजनं ‘श’. आता ओळखा, पोचण्याला पोर्तुगीज शब्द कोणता? बरोब्बर, ‘शेगार’!

आवाजाचं कोडं सुटलं. अर्थाचं काय?

एक गोष्ट नेहमी सांगतात. इ. स. १०६ मध्ये सम्राट ट्राजाननं डॅन्यूब नदीपलीकडचा डेशिया प्रांत जिंकला. तिथं रोमन सैन्याच्या छावण्या पडल्या. शिपायांनी तंबूंच्या घड्या घातल्या, की समजायचं निघाले! आपण नाही का ‘गाशा गुंडाळला’ म्हणत? गाशा म्हणजे जाड कापड, घोड्याच्या खोगिरावरही घालायचे ते. इकडे स्पेनच्या किनाऱ्यावर खलाशांनी शिडं गुंडाळली, की समजायचं जहाज पोचलं.

गोष्ट झकास आहे. पण झकास गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे हं! लॅटिनमध्ये ‘प्लिकारे’चंच एक जोडरूप होतं, ‘अप्लिकारे’. जहाज किनाऱ्याला लावणं, या अर्थानं ते सर्रास वापरत. मग ‘येगार’साठी शिडांच्या घडीची गरजच काय?

‘प्लेका’चं प्रकरण जास्त अवघड. हेच क्रियापद रुमानियन माणूस आजही मान झुकवण्यासाठी वापरतो. घडी घालायची म्हणजे वाकवायचंच की! तेव्हा आधी वाकणं, मग एका दिशेला कलणं, मग तिकडे चालू लागणं, अशीही या अर्थाची वाट असू शकेल. मला तरी ती तंबूइतकीच पटते. तंबूवाली गोष्ट हा शेवटी अंदाजच.

आणि जाण्यायेण्याच्या या घोळाला हसू नका बरं का. मित्राच्या घरून निघताना तुम्ही काय म्हणता? ‘येतो हं!’