लेथला कुठलं कुलंट वापरायचं? आधी पाणी बघा!

एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावात लेथवर पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे सुटे भाग दुरुस्त होतात. कापताना टूल तापतं आणि झिजतं. ते वाचवतं कुलंट. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांना १८८३ मध्ये दिसलं, की कापाच्या जागी पाण्याची मोठी धार सोडली तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्के वाढवता येतो.

मग नुसतं पाणी का नाही? कारण गंज चढतो. म्हणून पाण्यात सोल्युबल ऑइल मिसळतात.

कशाला काय?

- पोलादाचं टर्निंग, ड्रिलिंग: साधारण ५ ते १० टक्के ऑइलचं मिश्रण.
- आटे पाडणं: वेग कमी, घर्षण जास्त, इथे बिनपाण्याचं कटिंग ऑइल बरं.
- बीड: त्यात ग्रॅफाइट असतं, त्यामुळे बहुतेकदा कोरडंच कापतात.

पाण्याचं काय?

बोअरचं पाणी जड असेल तर मिश्रण फाटतं, वर साय धरते. खानदेशी उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मात्र टाकीतच साठतात. त्यामुळे भर घालताना मऊ पाण्यातलं पातळ मिश्रण वापरा. नेहमी पाण्यात ऑइल ओता, ऑइलमध्ये पाणी नको.

कुजका वास आला, की जिवाणू वाढलेत असं समजा. खराब कुलंटमुळे कारागिराच्या हातांना खाज, पुरळ येऊ शकतं. अशा वेळी टाकी धुऊन कुलंट बदला. जुनं गटारात ओतू नका.