पाहुणा झाला मालक!

पुण्यात जॉब आणि घर सोलापूरला? मग वीकेंडला गावी येताना भिगवणचा ब्रेक ठरलेलाच असणार. गरमागरम भाकरी, कांदा-लिंबू आणि लालभडक मसाल्यातली कुरकुरीत चिलापी फ्राय. एकदम सही! पण मंडळी, या चिलापीचं मूळ गाव कोणतं, असं विचारलं तर? उजनी म्हणाल, तर चुकलात. ही बाई थेट आफ्रिकेची आहे!

इंग्रजीत तिला म्हणतात तिलापिया. 1952 साली ती श्रीलंकेतून भारतात आणली गेली. हेतू चांगलाच होता. झटपट वाढणारा, कसल्याही तळ्यात टिकणारा स्वस्त मासा मिळाला, तर गरिबाच्या ताटात प्रोटीन पडेल, असा हिशेब होता. पण ती इतक्या वेगाने पसरली, की 1959 मध्येच तिच्या प्रसाराला लगाम घालण्याची वेळ आली. तोवर उशीर झाला होता. पुढे 1970च्या दशकात तिची नाईल नदीतली चुलत बहीणही येऊन दाखल झाली.

तिचा फंडा काय?

चिलापीची मादी अंडी आणि नंतर पिल्लंही चक्क तोंडात सांभाळते. त्यामुळे जगणाऱ्या पिल्लांचं प्रमाण जास्त. दोन-तीन महिन्यांत वयात येते आणि वर्षातून अनेकदा विणते. शेवाळ खाते, गाळातलं खाते, दुसऱ्यांची अंडीही सोडत नाही. आपले बहुतेक देशी मासे मात्र पावसाळ्याची, नदीला येणाऱ्या नव्या पाण्याची वाट पाहतात आणि वर्षातून एकदाच विणतात. आता सांगा, ही रेस कोण जिंकणार?

अशीच गोष्ट ब्रिटनमध्ये खारींची घडली. 1876 मध्ये अमेरिकेतली करडी खार हौसेखातर चेशायरमध्ये सोडली गेली. ती धिप्पाड, खाण्यात पटाईत आणि सोबत एक विषाणू घेऊन फिरणारी. त्याने तिला स्वतःला फारसं काही होत नाही, पण तिथली मूळची लाल खार मरते. आज इंग्लंडच्या बहुतेक भागातून लाल खार गायब आहे. तिथे झाडावर झालं, ते इथे पाण्याखाली होतंय. फरक इतकाच, की खार दिसते म्हणून लोक हळहळतात. मासा गेला तर कळतही नाही.

आपली नावं, आपले मासे

आपलं काय पणाला लागलंय, याची एक झलक. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्यात त्याने कित्येक माशांना इथलीच बोलीतली नावं दिली. दख्खनी महाशीर जगभरच्या पुस्तकांत ‘खुद्री’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याचं पहिलं वर्णन झालं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. हीच मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. आज त्या पाण्यात महाशीर शोधायला गेलात, तर हात हलवत परत याल.

सगळा दोष तिचाच?

नाही बॉस, इतकं सोपं नाही. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि वाहती भीमा अडली. सुमारे 117 टीएमसीचा हा साठा म्हणजे सोलापूरची तहान आणि उसाची भूक. पण वाहत्या पाण्यात विणणाऱ्या माशांचा रस्ता बंद झाला. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी. ऑक्सिजन कमी झाला की नाजूक मासे आधी जातात, चिलापी मात्र तग धरते. म्हणजे घर आपणच बिघडवलं, आणि पाहुणीला ते मानवलं!

शिवाय दुसरी बाजूही आहे. बॅकवॉटरच्या कितीतरी मच्छीमारांची चूल आज या चिलापीवरच पेटते. मरळ, वाम, शिंगाळा जाळ्यात आला तर भाव चांगला मिळतो, पण रोजचा भरवसा चिलापीचाच. ‘काढून टाका तिला’ असं ऑफिसच्या एसीत बसून म्हणणं सोपं आहे. 117 टीएमसी पाण्यातून ती आता निघणारही नाही. हातात आहे ते इतकंच: सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणं, पिल्लं ओढणाऱ्या बारीक जाळ्यांना आवर घालणं, विणीच्या पावसाळ्यात मासेमारी थांबवणं आणि देशी माशांचं बीज जपणं.

आणि तुम्ही?

तुमचा रोलही आहे. फ्लॅटमधल्या फिश टँकची काच चाटणारा तो काळपट, खरखरीत मासा आठवतोय? तो सकर, दक्षिण अमेरिकेचा. टँकमध्ये मावेनासा झाला, की लोक ‘बिचारा जगेल’ म्हणून त्याला तळ्यात सोडतात. तो जगतोच! उजनीतल्या जाळ्यांत आता तोही सापडतो. त्याला गिऱ्हाईक नाही, आणि त्याच्या काट्यांनी जाळी मात्र फाटतात.

तेव्हा टँकचा कंटाळा आला, तर मासा दुकानदाराला परत द्या, मित्राला द्या. सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडून पुण्य कमवायला जाऊ नका. आणि भिगवणला थांबाल तेव्हा चिलापी बिनधास्त हाणा. तेवढा एक मासा तरी कमी होईल!