धूर पाहणारा डोळा

कचेरी, रुग्णालय, वसतिगृह अशा मोठ्या इमारतींच्या छताला बशीएवढी पांढरी वस्तू बसवलेली आपण पाहतो. तिच्यातील तांबडा दिवा अधूनमधून लुकलुकतो. हा स्मोक डिटेक्टर, म्हणजे धूरशोधक होय. तो धूर कसा ओळखतो, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

पत्र्याच्या घरात भोकातून उन्हाची तिरीप आत येते. एरवी न दिसणारे धूलिकण त्या तिरिपेत चमकू लागतात, कारण कणांवर आदळून प्रकाश चोहीकडे विखुरतो. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला, म्हणून त्यास टिंडॉल परिणाम म्हणतात. प्रकाशावर चालणारा धूरशोधक याच तत्त्वावर उभा आहे.

त्याच्या पोटात एक काळी कोठडी असते. तिच्या भोवतीच्या वाकड्या पट्ट्यांतून हवा व धूर आत शिरतो, बाहेरचा उजेड मात्र शिरत नाही. आत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा छोटा एलईडी दिवा आणि प्रकाश पडताच विद्युतप्रवाह देणारा फोटोडायोड असतो. दोन्ही समोरासमोर नसून कोनात बसवलेले असतात. दिवा काही सेकंदांच्या अंतराने क्षणभर पेटतो. हवा स्वच्छ असल्यास प्रकाश काळ्या भिंतीत जिरतो. धूर आत आला की प्रकाश विखुरतो व त्यातील थोडा फोटोडायोडवर पडतो. हा संकेत ठरावीक मर्यादा ओलांडून टिकून राहिला, की शोधक तारेवाटे नियंत्रण फलकाला कळवतो. फलक भोंगा वाजवतो व आग कोणत्या भागात आहे ते दाखवतो. वीज गेल्यास तो बॅटरीवर चालतो.

धुमसणारी गादी किंवा तापून जळणारी वायर यांच्या धुरातील कण मोठे असतात. म्हणून ज्वाळा दिसण्यापूर्वीच हा शोधक इशारा देऊ शकतो. या वेळेचे मोल फार आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बालके दगावली. त्यांपैकी ७ बालके भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून गेली.

मात्र या डोळ्याला धूर आणि इतर कण यांतील फरक नीट कळत नाही. वाफ, धूळ, आत शिरलेले किडे, वंदनेच्या वेळी लावलेल्या अगरबत्त्यांचा दाट धूर, यांनीही भोंगा वाजू शकतो. दोनचार वेळा असे झाले, की त्रासून कोणीतरी फलकच बंद करून ठेवतो. हीच खरी धोक्याची घडी. मग शोधक छताला नुसता शोभेपुरता उरतो. यावर उपाय म्हणजे शोधकाची वेळोवेळी सफाई करणे, त्याची जागा बदलणे आणि स्वयंपाकघरात त्याऐवजी उष्णताशोधक बसवणे.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीचा मालक वा भोगवटादार यांच्यावर आहे. परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलै महिन्यात द्यावे लागते.

आपली मुले ज्या वसतिगृहात झोपतात, तेथे गेल्यावर पालकांनी व कार्यकर्त्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: फलक चालू आहे काय? छताकडे पाहून समाधान मानू नये. पाहून, तपासून, मगच विश्वास ठेवावा, हीच आपल्या धम्माचीही शिकवण आहे.