पंधरा किलोहर्ट्झचा पडदा

संगणक घेतला की सोबत मॉनिटर येणारच, ही सवय आपल्याला ऑफिसातल्या पीसीने लावली. त्याआधीच्या बहुतेक घरगुती संगणकांच्या खोक्यात पडदा नसायचाच. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम घ्या. १६ के (किलोबाइट) मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. एवढ्या पैशांत रबरी बटणांचा कीबोर्ड मिळायचा, त्याच्याच पोटात अख्खा संगणक, एक पॉवर सप्लाय आणि टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात खुपसायची वायर. पडदा तुम्ही आणायचा, म्हणजे घरातलाच टीव्ही वापरायचा. घरच्यांना बातम्या बघायच्या असल्या की संगणक बंद.

आपल्याकडे ही यंत्रं फार नव्हती, पण अगदीच नव्हती असंही नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात १९८४-८५ पासून, सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत, एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो आले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याचीच देशी आवृत्ती ‘युनिकॉर्न’ नावाने काढली. शिवाय लंडन, दुबई किंवा अमेरिकेतल्या काका-मामांनी बॅगेतून आणलेले संगणक होतेच. यातली काही यंत्रं आजही माळ्यावरून निघतात आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा चालूही होतात. चिप टिकाऊ असते. पॉवर सप्लायमधले दोन-चार कंडेन्सर बदलले, कीबोर्डची फाटलेली पट्टी बदलली की संगणक जिवंत. मग प्रश्न येतो तो पडद्याचा, आणि नाशिकसारख्या शहरात खरी वणवण तिथून सुरू होते.

एम. जी. रोडवर मॉनिटर मिळत नाहीत असं थोडंच आहे! हवे तितके मिळतात. पण तिथला कुठलाही नवा मॉनिटर या संगणकाशी बोलायला तयार नसतो. कारण आकड्यांत आहे. हे सगळे संगणक टीव्हीसाठी बनलेले, म्हणून टीव्हीचंच वेळापत्रक पाळतात. भारतात आणि ब्रिटनमध्ये पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा काढतो, म्हणजे वारंवारता १५.६ किलोहर्ट्झ. १९८७ साली आलेल्या व्हीजीएने ती दुप्पट, ३१.५ किलोहर्ट्झ केली, आणि त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या संगणकी मॉनिटरांनी त्याखाली उतरायचं सोडून दिलं. म्हणून केबल कितीही जोडजाड करून बसवली तरी पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ एवढंच येतं. बिघाड कुठेच नसतो, पण माणूस तासभर केबलच तपासत बसतो.

उलट दिशेने चूक केली तर ती महागात पडू शकते. नव्वदीच्या सुरुवातीला आपल्याकडच्या कचेऱ्यांत हिरव्या किंवा अंबर अक्षरांचे हर्क्युलस मॉनिटर भरपूर होते. ते दिसतात जुने, म्हणून जुन्या संगणकाला शोभतील असं वाटतं. पण त्यांची वारंवारता ठरलेली, १८.४ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि सिग्नलही वेगळ्या जातीचा. चुकीच्या वारंवारतेवर चालवले तर त्यातले काही जळतातही. वयाने जुळतं म्हणून पत्रिका जुळते असं नाही.

टीव्हीला जोडणंही त्या काळी सोपं नव्हतं, हे आता कुणाच्या स्मरणात राहिलेलं नाही. ब्रिटिश स्पेक्ट्रम आपलं चित्र यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर, म्हणजे ५९१.२५ मेगाहर्ट्झवर पाठवतो. आपलं दूरदर्शन तेव्हा व्हीएचएफ पट्ट्यावर, आणि त्या काळच्या बऱ्याच ब्लॅक अँड व्हाइट संचांना यूएचएफ पट्टाच नव्हता. बटण कितीही फिरवा, पडद्यावर नुसत्या मुंग्या. संगणक मात्र आत आपलं काम व्यवस्थित करत असे. आवाजाचं कोडं आणखी वेगळं. ब्रिटनमध्ये आवाजाची लहर चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर असायची, आपल्याकडे ५.५ वर. ४८ केच्या स्पेक्ट्रममध्ये स्वतःचाच छोटा स्पीकर असल्याने त्याचं अडत नाही. पण १२८ केचं यंत्र आवाज टीव्हीतून काढतं, त्यामुळे चित्र स्वच्छ आणि टीव्ही मुका, असा प्रकार होतो. अमेरिकेहून आलेल्या कमोडोर ६४ ची तऱ्हा तिसरी. त्याची पद्धत एनटीएससी, सेकंदाला साठ चित्रं. आपल्या जुन्या संचावर त्याचं चित्र वरखाली फिरत राहतं, आणि स्थिर झालंच तर रंग गायब.

या सगळ्यावरचं उत्तर मात्र अगदी घरगुती आहे आणि माझ्या मते आजही तेच सर्वांत चांगलं आहे: नव्वदीच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा चौदा किंवा एकवीस इंची रंगीत सीआरटी टीव्ही, ज्याच्या मागे किंवा पुढे पिवळ्या रंगाचं एव्हीचं भोक आहे. व्हिडिओकॉन, ओनिडा, बीपीएल, जे असेल ते. व्हिडिओकॉन तर आपल्याच मुलखातली, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावच्या कारखान्यातली. यातल्या बऱ्याच संचांना एव्हीमधून पाल आणि एनटीएससी दोन्ही चालतं, केबलच्या जमान्यातला ट्यूनर असल्याने यूएचएफही लागतं. रिमोटवरचं एव्हीचं बटण दाबलं की काम झालं.

१६ आणि ४८ केच्या स्पेक्ट्रमला मात्र त्यासाठी थोडी शस्त्रक्रिया लागते, कारण त्याच्या मागे फक्त अँटेनाचा सिग्नल मिळतो. झाकण उघडलं की मागच्या कडेला पत्र्याची एक डबी दिसते, तो मॉड्युलेटर. बोर्डावरून त्यात दोन वायरी जातात, एक पाच व्होल्टची आणि एक चित्राची. दोन्ही सुट्या करायच्या. पाच व्होल्टवालीला नीट टेप लावायची, ती कुठे टेकता कामा नये. डबीचं झाकण काढून बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडलेला रेझिस्टर सोडवायचा आणि त्या जागी चित्राची वायर टाकायची. हात बसलेल्या माणसाला चहा निवेपर्यंतचं काम. पूर्वी मुंग्यांतून डोकावणारं २५६ बाय १९२ ठिपक्यांचं चित्र आता टीव्हीत सरळ उतरतं, आणि अक्षरांच्या कडा पहिल्यांदाच कडा वाटतात.

बीबीसी मायक्रो या बाबतीत अधिक सुसंस्कृत. त्याच्या मागे अँटेना, कॉम्पोझिट (पिवळ्या वायरीचा सिग्नल) आणि आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) अशी तिन्ही तोंडं मुळातच आहेत. पण कॉम्पोझिटमधून तो कृष्णधवल चित्र देतो. रंग हवे असतील तर आत बोर्डावरची एस ३९ ही जोडणी करावी लागते. ते माहीत नसलं की माणूस टीव्हीला दोष देतो. त्याच्या ऐंशी अक्षरी ओळीत आडवे ६४० ठिपके असतात. ते वाचायचे तर आरजीबीच हवं.

पण हा टीव्ही आणायचा कुठून? पाच-दहा वर्षांपूर्वी हा प्रश्नच हास्यास्पद वाटला असता. सपाट टीव्ही आले तसे हे अवजड संच घराघरांतून बाहेर निघाले. कोणी कामवाल्या मावशींना दिले, कोणी गावी पाठवले, बाकीचे हातगाडीवरून भंगारात. नाशिकमध्ये भंगाराची मोठी पेठ म्हणजे अंबड लिंक रोडवरची. महापालिकेने ती २०१७ मध्ये उठवली, ती पुन्हा उभी राहिली, आणि २०२५ मध्ये पुन्हा मोठी मोहीम झाली. भंगारात गेलेला सीआरटी टीव्ही परत मिळेल या आशेवर मात्र राहू नये. भंगारवाल्याला त्यात रस असतो तो तांब्याचा. पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसवलेला योक आणि काचेभोवतीची डिगॉसिंग कॉइल, या दोन्हींत तांबं. योक उपसताना मान मोडते, आतली निर्वात पोकळी जाते आणि ट्यूब कायमची संपते. उरते ती शिसं असलेली जड काच, जी कुणालाच नको असते. नवी ट्यूब बनत नाही. गाझियाबादची सॅमटेल, मोहालीची जेसीटी, हे ट्यूबवाले केव्हाच थंडावले. तेव्हा मोडलेला प्रत्येक संच हा कायमचा वजा.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मात्र हाच प्रश्न भलत्याच वेशात भेटतो, आणि जुन्या संगणकांच्या हौशी माणसांनी तिकडे बघायला हवं. तिथल्या वर्कशॉपांत ऐंशी-नव्वदीतली सीएनसी मशिनं अजून इमाने-इतबारे धातू कापतात. त्यांच्या पॅनेलवर नऊ किंवा चौदा इंची सीआरटी असते आणि मशिनच्या आधी तीच म्हातारी होते. अक्षरं पुसट, मग अंधार. यातल्या काही पडद्यांची वारंवारता टीव्हीच्या जवळपास, तीच पंधरा-सव्वापंधरा ते सोळाच्या घरातली. लाखोंचं मशिन पडद्यापायी बंद ठेवणं मालकाला परवडत नाही, म्हणून सिग्नल बदलून एलसीडीवर देणारे छोटे बोर्ड बाजारात आले. जीबीएस-८२०० हा त्यातला सर्वांत ओळखीचा. नाण्यांवरच्या आर्केड गेमवाल्यांनीही तो उचलला आणि घरगुती संगणकवाल्यांनीही. एका बाजूने आरजीबी आणि सिंक (रेषा आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारी खूण) द्या, दुसऱ्या बाजूने व्हीजीए घ्या. एम. जी. रोडवरचा मॉनिटर लगेच कामाला येतो. चित्र थोडं धूसर, रंग थोडे चढे, पण चित्र येतं. ज्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर सीएनसीचा पडदा उघडा पडलेला दिसेल, त्याला आपला जुना संगणक दाखवून बघा. सिंक म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा तो त्यानंतर.

त्याहून नेटका मार्ग म्हणजे रास्पबेरी पाय झिरोवर चालणारा आरजीबी-टू-एचडीएमआय. तो मुळात बीबीसी मायक्रोसाठीच जन्मला. प्रत्येक ठिपका नेमका मोजून तो एचडीएमआयवर देतो, आणि बीबीसीची ऐंशी अक्षरी ओळ काचेसारखी स्वच्छ दिसते. बीबीसी असेल तर माझं मत यालाच.

पिवळी वायर घेऊन एचडीएमआय देणारी स्वस्त डबी सगळीकडे मिळते आणि पहिल्यांदा सगळे तीच घेतात. अक्षरं वाचायला ती चालून जाते, खेळाला नाही. हे पाल संगणक सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं पाठवतात, आणि डबी बहुधा दोन चित्रं म्हणजे एका चित्राचे दोन अर्धे भाग समजून त्यांची वेणी घालते. हलत्या वस्तूच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात आणि चित्र किंचित उशिरा येतं. ‘मॅनिक मायनर’सारख्या खेळात तेवढ्या उशिरात माणूस खड्ड्यात जातो. ज्यांच्याकडे नव्वदीतला सामुराईसारखा टीव्ही गेम बंदुकीसह शिल्लक आहे, त्यांचा अनुभव तर याहून वाईट. बदकांवर नेम धरायची ती बंदूक सीआरटीच्या किरणाची वेळ बघते. एलसीडीवर कितीही गोळ्या झाडा, एकही बदक पडत नाही.

आता नाशिककरांना विनंती. घर आवरताना एव्हीचं भोक असलेला चालू सीआरटी टीव्ही निघाला तर हातगाडीवाल्याला हाक मारण्याआधी शाळेत, इंजिनीअरिंग कॉलेजात किंवा ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडे विचारा, कुणाला तरी तो हवा असतो. न्यायचाच असेल तर काचेची बाजू स्वतःच्या छातीकडे ठेवून दोघांनी उचला, एकवीस इंची संच वीस-बावीस किलोंचा भरतो. आणि चित्र येत नाही म्हणून मागचं झाकण स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या घरात दाब लागतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो ट्यूबमध्ये बराच वेळ साठून राहतो.