पेशीवरील खूण आणि रेणूंचे पुंजके

रात्री खंडाळ्याच्या घाटात समोरून येणारी मालमोटार फार दूर असेल, तर तिचा एकच दिवा दिसतो. ती जवळ आली की एकाचे दोन होतात. दिवे आधीपासून दोनच होते; आपल्या डोळ्यांना त्यांच्यातील अंतर ओळखता येत नव्हते. पेशींच्या अभ्यासकांची अडचण हीच आहे. मात्र त्यांना जवळ जाण्याची सोय नाही. साध्या प्रकाशसूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून कमी अंतरावरील दोन ठिपके एकच दिसतात, आणि पेशीपटलावरील प्रथिनांचे रेणू तर जेमतेम काही नॅनोमीटरचे असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

मी इतिहासाचा शिक्षक. हा विषय माझ्यापर्यंत आला तो आपल्या एका माजी विद्यार्थिनीमुळे. पुण्यातील एका प्रयोगशाळेत ती काम करते. वसतिगृहाच्या ओसरीवर बसून ती म्हणाली, "सर, रेणू दिसत नाहीत म्हणून आम्ही त्यांना चमकणाऱ्या रंगाची खूण लावतो. पण कधीकधी खूणच फसवते."

फसवते कशी? हव्या त्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड घ्यायचे आणि त्याला रंग जोडायचा, ही रुळलेली पद्धत. परंतु प्रतिपिंडाला दोन हात असतात. ते एकाच वेळी दोन प्रथिनांना धरते. त्यावर दुसरे प्रतिपिंड सोडले, तर विखुरलेले रेणू एकमेकांत गुंतून त्यांचा पुंजका बनतो. मेदाच्या नांगराने पेशीपटलाला बांधलेली काही प्रथिने पटलावरील बारीक खळग्यांत गोळा झालेली असतात, असा समज होता. १९९४ साली सत्यजित मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ही प्रथिने एरवी पटलभर पसरलेली असतात. दुसरे प्रतिपिंड घातल्यावर ती खळग्यांत जमतात. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले यांनी जातींची उतरंड लावायला घेतली, तेव्हा वरच्या पायरीसाठी अर्ज करणाऱ्या जातिसभा उभ्या राहिल्या, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटली नाही.

मग गुंता न करणारी खूण कोणती? फॉलिक आम्ल. गरोदर स्त्रियांना ज्याच्या गोळ्या देतात, तेच जीवनसत्त्व. पेशीवर ते धरून ठेवणारे एक प्रथिन असते आणि त्यात एका वेळी एकच रेणू बसतो. फॉलिक आम्लाच्या रेणूला रंग जोडला की एका प्रथिनाला एकच खूण लागते आणि गुंता होत नाही.

मेयर मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्र शिकलेले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात रजत वर्मा यांच्यासह त्यांनी जिवंत पेशींवर हीच खूण वापरली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. युक्ती सुंदर आहे. एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश पेशीवर टाकतात. एकट्या खुणेकडून परतणारा प्रकाश ती दिशा बरीचशी राखतो. शेजारची खूण दहा नॅनोमीटरच्या आत असेल, तर ऊर्जा तिच्याकडे जाते. तिचे तोंड भलतीकडे असल्याने परतीच्या प्रकाशाची दिशा विस्कटते. दोन दिवे वेगळे दिसत नाहीत ते नाहीतच. पण ते शेजारी आहेत एवढे मात्र कळते.

२००४ मध्ये याच गटाने आकडे दिले: अशा प्रथिनांपैकी २० ते ४० टक्के रेणू पुंजक्यांत, आणि एका पुंजक्यात फार तर चार, बाकीचे सुटे. या वेळी फॉलिक आम्लाबरोबर दुसरीही खूण होती, जेलीफिशपासून मिळालेले हिरवे प्रथिन. त्याच्या शोधाला आणि विकासाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र तेही निर्दोष नाही. त्याचे रेणू एकमेकांना किंचित चिकटतात. त्यातील एक अमिनो आम्ल बदलून तो चिकटपणा घालवावा लागतो.

आमची विद्यार्थिनी म्हणाली, की तिच्या प्रयोगशाळेत नवा पुंजका दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुसऱ्या खुणेने पाहिलेस का? तिचे उत्तर बहुधा "अजून नाही" असते, आणि मग पुढचे तीन आठवडे त्यातच जातात.