साहेब आरोपीच्या पिंजऱ्यात!

साहेबांना स्वप्न पडतं. आपण कोर्टात उभे आहोत आणि खटला चालू आहे. गुन्हा? बैठक बोलावली, पण तयारी केली नाही. विषय कुणाला आधी कळवले नाहीत. चर्चा भरकटू दिली. काय ठरलं ते लिहूनही ठेवलं नाही! एकेक आरोप ऐकताना साहेबांना घाम फुटतो.

१९७६ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या 'मीटिंग्ज, ब्लडी मीटिंग्ज' या फिल्मची ही गोष्ट. ती थिएटरसाठी नव्हती. कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये दाखवण्यासाठी होती. साहेब झाला होता जॉन क्लीज. 'मॉन्टी पायथन'मधला ताडमाड उंच विनोदवीर. 'फॉल्टी टॉवर्स' (१९७५) या मालिकेत पाहुण्यांवर डाफरणारा हॉटेलमालकही तोच. गिऱ्हाइकाशी कसं वागावं हे जगाला शिकवायला माणूस निवडला तो हा!

क्लीजने बीबीसीतून बाहेर पडलेल्या अँटनी जे यांच्यासह १९७२ मध्ये 'व्हिडिओ आर्ट्स' ही कंपनी काढली. हेच जे पुढे 'येस मिनिस्टर'चे सहलेखक झाले. आपल्याकडे २००१ मध्ये फारुख शेख यांची 'जी मंत्रीजी' आली ती त्याच मालिकेवरून.

या मंडळींनी एक साधी गोष्ट ओळखली होती. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला चार सहकाऱ्यांदेखत 'तुमचं चुकतं' म्हणा, तो मान डोलावतो आणि मनाचं दार आतून लावून घेतो. पुढे फळ्यावर कितीही बाण काढा, व्यर्थ! म्हणून चूक पडद्यावरच्या माणसाने करायची. बघणारे खो खो हसतात, 'अगदी आपल्या अमक्यासारखा' म्हणत शेजाऱ्याला कोपर मारतात. मग मध्येच हसू ओसरतं, कारण तो अमका आपणच आहोत असा संशय येतो. अपमान कुणाचाच होत नाही, धडा मात्र घरी जातो.

१९९१ च्या एका व्याख्यानात क्लीजने गांभीर्य आणि गंभीरपणाचा आव यांतला फरक सांगितला. विषय महत्त्वाचा असला तरी हसत बोलता येतं. लांब चेहरा हवा असतो तो स्वतःचा मोठेपणा जपणाऱ्यांना. दहा वर्षं शेजारी बसणाऱ्या दोघांना गळ्यात नावाची कार्डं अडकवून 'एकमेकांची ओळख करून द्या' सांगणाऱ्या ट्रेनरांनी हे ऐकायला हरकत नाही.

ट्रेनिंगचा तोच लांब चेहरा बीबीसीच्या 'द ऑफिस' मालिकेने २००१ मध्ये पकडला. कागद विकणाऱ्या कंपनीत बाहेरून ट्रेनर येतो. तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं नाटुकलं करायचं असतं. पण मॅनेजर डेव्हिड ब्रेंटला (रिकी जर्व्हेस) दुसऱ्याकडे लक्ष गेलेलं सोसत नाही. आधी तो नाटुकलं ताब्यात घेतो, मग चक्क घरी जाऊन गिटार आणतो आणि स्वतःची गाणी ऐकवत सुटतो. ट्रेनर हताश, बाकीचे माना खाली घालून बसलेले.

प्रेक्षक हसून बेजार होतात, पण त्याच खोलीत टिम नावाचा तिशीचा सेल्समन बसलेला असतो. हुशार, कंटाळलेला. एका दुपारपुरता नव्हे, या नोकरीत आपलं आयुष्यच वाया चाललंय हे त्याला तिथे उमगतं आणि सगळ्यांसमोर तो नोकरी सोडत असल्याचं सांगून टाकतो.

त्या मालिकेच्या पहिल्या पर्वाअखेर ब्रेंट त्याला बढती देऊ करतो. टिम राहतो.