विश्लेषण : जिन्यातल्या लाल सिलिंडरवर लिहिलेय काय? ‘एक्स्टिंग्विशर’ वापरायचे कसे?

पनवेल : खारघर, कामोठे, कळंबोली किंवा नवीन पनवेलमधील टॉवरच्या जिन्यात लाल सिलिंडर टांगलेले दिसते. त्यावर ‘फायर एक्स्टिंग्विशर’ असे लिहिलेले असते आणि वापराच्या सूचनाही अनेकदा इंग्रजीतच असतात. आग लागल्यावर शब्दकोश उघडायला वेळ मिळत नाही. त्यामुळे हे शब्द आधीच समजून घेतलेले बरे.

शब्दाचा अर्थ काय?

लॅटिनमध्ये ‘एक्स्टिंग्वेरे’ म्हणजे विझवणे. नामशेष झालेल्या प्राण्यांसाठी वापरला जाणारा ‘एक्स्टिंक्ट’ हा शब्दही त्याच मुळातला. मराठीत याला अग्निशामक म्हणतात.

‘पास’ म्हणजे काय?

वापराच्या चार पायऱ्यांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून ‘पास’ हा शब्द तयार होतो.

पुल : सील तोडून पिन ओढून काढा.
एम : नळीचे तोंड ज्वाळांवर नव्हे, आगीच्या बुडाशी रोखा.
स्क्वीझ : वरचा दांडा दाबा.
स्वीप : केर काढताना झाडू फिरवतो तशी नळी डावी-उजवीकडे फिरवा.

लहान सिलिंडर काही सेकंदांतच रिकामे होते. त्यामुळे नेम चुकला तर दुसरी संधी मिळेलच असे नाही.

ए, बी, सी ही अक्षरे कशाची?

भारतीय मानकांनुसार ‘ए’ म्हणजे लाकूड, कागद, कापड यांसारख्या घन वस्तूंची आग, ‘बी’ म्हणजे पेट्रोल, रॉकेलसारख्या द्रवांची आणि ‘सी’ म्हणजे वायूची. तिन्ही अक्षरे असलेल्या सिलिंडरमध्ये कोरडी पावडर असते. विजेच्या आगीवर पाणी मारू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मग पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर वापरावे. कढईतले तेल पेटल्यास पाणी ओतू नये; शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवावे.

सिलिंडर चालू आहे की नाही, कसे ओळखायचे?

पावडरच्या सिलिंडरवरील दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला सहसा असा मापक नसतो. ते वजन करून तपासतात.

जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवणे ही मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन त्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाला द्यावे लागते. सोसायटीच्या सभेत सभासदांनी या प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी.

कधी थांबायचे?

सिलिंडर आहे ते सुरुवातीच्या लहान आगीसाठी. वापरताना बाहेर पडण्याचा रस्ता पाठीशी ठेवा. धूर कोंडला किंवा आग पसरू लागली, तर सिलिंडर सोडा, लिफ्ट न वापरता जिन्याने खाली उतरा आणि १०१ वर फोन करा.

आज घरी जाताना जिन्यात मिनिटभर थांबा. सिलिंडरचा काटा आणि पुढच्या तपासणीची तारीख, दोन्ही बघून घ्या.